दहा म्हणजे नेमके कधी? उड्डाणवेळेची कुळकथा

वेळापत्रकात 'नांदेड १०:००, मुंबई ११:१५' असे छापले आहे, असे धरू. दहाच्या ठोक्याला काय होते? विमान आकाशात झेपावते, असे बहुतेकांना वाटते. घरच्या संगणकावर आभासी विमानकंपनीची उड्डाणे करणारी नवी मुलेही तसेच समजतात. प्रत्यक्षात दहा वाजता चाकांखालचे ठोकळे निघालेले असतात, ब्रेक सुटतो आणि विमान आपल्या जागेवरून हलते. सव्वाअकराला ते मुंबईत ठरलेल्या जागी उभे राहते आणि पुन्हा ठोकळे लागतात. या दोन क्षणांमधल्या काळाला वैमानिक 'ब्लॉक टाइम' म्हणतात. चाके धावपट्टी कधी सोडतात आणि कधी टेकतात, याची नोंद वेगळी होते.

या हिशेबाचा मूळपुरुष रेल्वे. तिच्याआधी प्रत्येक गावाचे घड्याळ सूर्यावर चाले. हिंगोली-नांदेडकडे सूर्य डोक्यावर येतो तेव्हा आजच्या घड्याळात सरासरी १२ वाजून २१ मिनिटे झालेली असतात, मुंबईत १२:३९. तीच जुनी रीत आज असती, तर नांदेडहून मुंबईला जाताना आपले सव्वा तासाचे उड्डाण सत्तावन्न मिनिटांचे दिसले असते आणि परतताना त्र्याण्णव मिनिटांचे. असे वेळापत्रक कोण वाचणार? इंग्लंडमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० साली आपल्या मार्गावर लंडनची वेळ लागू केली. हिंदुस्थानातल्या रेल्वेने मद्रास वेळ धरली. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईकरांनी मात्र आपली वेगळी वेळ पुढेही कित्येक वर्षे जपली.

विमानाने हा वारसा उचलला तो टपालासाठी. इम्पीरियल एअरवेजची लंडनहून येणारी टपालसेवा १९२९ साली कराचीपर्यंत पोहोचली. तिथून पुढचे टपाल घेऊन १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ विमानाने अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा पल्ला त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी गाठला. टपालाच्या कामात एक दुवा चुकला की पुढचा चुकणारच. म्हणून पावसाळा असो की धुके, वेळ पाळणे हीच या धंद्याची पत ठरली.

तरी वेळ लिहायची माणसानेच. वैमानिकाचे कामाचे तास, आणि पुष्कळदा पगारही, याच नोंदींवर ठरत. १९७८ साली अमेरिकेत 'एकार्स' ही यंत्रणा आली आणि चार क्षण आपोआप टिपले जाऊ लागले: जागेवरून निघणे, चाके उचलणे, चाके टेकणे, जागेवर पोहोचणे. आभासी विमानकंपन्यांच्या नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही आज तेच नाव आहे. ब्रेक कधी सुटला आणि कधी लागला, हे ते पाहते.

नवख्याला आणखी एक गाठ सोडवावी लागते. उड्डाण-आराखड्यातली वेळ भारतीय नसते. ती जागतिक वेळ असते, तिला वैमानिक 'झुलू' म्हणतात. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायचे. नांदेडचे दहा म्हणजे झुलूचे साडेचार. पहाटे साडेचारला निघायचे असेल तर झुलूत रात्रीचे अकरा वाजलेले असतात, आणि तारीख आदल्या दिवशीची असते. इथेच कित्येकांचे उड्डाण चुकीच्या दिवशी नोंदले जाते.

ब्लॉक टाइम कळला की सव्वा तासाचा अर्थही उलगडतो. नांदेड ते मुंबई सरळ अंतर सुमारे ४६५ किलोमीटर. हवेत साधारण पन्नास मिनिटे पुरतात. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत जाण्याचा, उतरल्यावर जागेवर पोहोचण्याचा आणि मुंबईच्या गर्दीत ताटकळण्याचा. आभासी आकाश रिकामे असल्यामुळे लवकर पोहोचलात, तर त्यात तुमच्या कौशल्यापेक्षा त्या राखीव मिनिटांचाच वाटा मोठा. वॅटसिमसारख्या आभासी उड्डाणांच्या ऑनलाइन जाळ्यावर मात्र नियंत्रण मनोऱ्याच्या जागी अनेकदा खरी माणसे असतात, हौसेने, विनामोबदला बसलेली. तिथे उशिरा निघालेले एक विमान पुढच्यांचा क्रम बिघडवू शकते.

हिंगोली जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही, जवळचा नांदेडचा. पण वेळेची ही शिस्त शिकायला विमानतळ दारात असावा लागत नाही. वसमत किंवा कळमनुरीतल्या मुलाच्या संगणकावर चालणारे झुलू घड्याळ आणि मुंबईतल्या वैमानिकासमोरचे घड्याळ एकच वेळ दाखवतात. म्हणून नव्या वैमानिकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे: निघण्याची तयारी दहाच्या आधी पुरी करा आणि चाके टेकली म्हणून हात झटकू नका. विमान जागेवर उभे राहून ब्रेक लागेपर्यंत तुमचे उड्डाण चालूच आहे.