जेफर्सनची १७८७ मधील द्राक्षयात्रा

युरोपातील द्राक्षमद्यांविषयी लिहिणारे लेखक थॉमस जेफर्सनने १७८७ मध्ये केलेल्या प्रवासाचा उल्लेख बहुधा एका रसिकाची चैन म्हणून करतात. अमेरिकेचा फ्रान्समधील वकील उत्तम मद्याचा भोक्ता होता, तो मळ्यामळ्यांतून हिंडला आणि त्याने घरासाठी पिंपे मागविली, एवढ्यावर विषय संपतो. परंतु या प्रवासाची आखणी आणि त्यातील टिपणे एकत्र ठेवून वाचली असता निराळे चित्र दिसू लागते. मद्याची चव हा जेफर्सनच्या अनेक प्रश्नांपैकी केवळ एक प्रश्न होता. ते कोणत्या मातीत होते, कोण विकत घेतो, किती दूर नेता येते आणि ते पिकविणारा मजूर काय खातो, हे त्याचे इतर प्रश्न. यांतील शेवटच्या प्रश्नाकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे, असे आम्हांस वाटते.

प्रवासाचे निमित्त वैद्यकीय होते. सप्टेंबर १७८६ मध्ये जेफर्सनचे मनगट मोडले होते, आणि एक्स-आं-प्रोव्हान्स येथील उष्णोदकाच्या झऱ्यांचा उपचार करून पाहावा असा सल्ला त्याला मिळाला. झऱ्यांचा उपयोग झाला नाही. परंतु मुळात त्याला दक्षिणेची बंदरे पाहावयाची होती, अमेरिकन मालाला तेथे बाजारपेठ कितपत मिळेल हे अजमावयाचे होते, आणि पिडमाँटमधील भाताची लागवड व सडण्याची यंत्रेही पाहावयाची होती. (तेथील साळी देशाबाहेर नेण्यास सक्त मनाई असता त्याने ती कोटाच्या खिशांतून आणली, हा किस्सा प्रसिद्धच आहे.) २८ फेब्रुवारीस तो पॅरिसहून निघाला व १० जून रोजी परतला. बर्गंडी, सोन व ऱ्होन या नद्यांची खोरी, प्रोव्हान्स, उत्तर इटली, लांगदॉक, तेथून मिदी कालव्याने तुलूझ आणि पुढे बोर्दो असा त्याचा मार्ग होता. कालव्यात त्याने आपल्या गाडीची चाके काढून ती होडीवर चढविली आणि गाडीतच बसून तो प्रवास केला. पॅरिसचा चाकर त्याने मुद्दाम बरोबर घेतला नाही. आपला हुद्दा वाटेत कोणास कळू नये, म्हणून डिजों येथे त्याने नवा माणूस ठेवला. सरकारी अधिकाऱ्यापुढे शेतकरी काय बोलतो आणि वाटसरूपुढे काय बोलतो, यांतील अंतर आपल्याकडील जमाबंदीची दप्तरे चाळलेल्या अभ्यासकास सांगावयास नको.

बर्गंडीत तो मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात होता. बोन येथील एत्येन पारां हा पिंपे बनविणारा कारागीर त्याचा वाटाड्या झाला. ही निवड मार्मिक होती. व्यापारी आपल्या मालाची स्तुती करतो आणि मालक आपल्या मळ्याची; पिंपे करणाऱ्याला मात्र सर्वांच्या तळघरांत प्रवेश असतो. जेफर्सनच्या टिपणांत शांबर्तांची बाटली जागेवरच ४८ सू या भावाने विकली जाते, तर व्होल्नेची १२ सूला. स्वादात व्होल्ने उणे नाही, असे तो स्पष्ट लिहितो. मग चौपट अंतर कशामुळे? व्होल्नेचे मद्य हलके असल्याने फार दिवस टिकत नाही, आणि शांबर्तां दूरच्या वाहतुकीस व साठवणीस तोंड देते. म्हणजे किमतीच्या या अंतराचे मूळ जिभेपेक्षा रस्त्यात अधिक आहे. हे उमगल्यावर जेफर्सनने घरच्या मेजासाठी व्होल्ने पसंत केले, यात व्यवहारचातुर्य आहे हे खरे. पण त्याचबरोबर अर्थशास्त्राचा एक उत्तम धडाही आहे.

पोमार व व्होल्ने येथे मजूर गव्हाची चांगली भाकरी खात होते, आणि शेजारच्या मर्सो गावी राय या हलक्या धान्याची. जेफर्सनने कारण विचारले. मर्सोची जमीन खडकाळ असल्याने तेथे पांढरेच मद्य होते. पांढरे मद्य तांबड्यापेक्षा अधिक वेळा बिघडते व विकले न जाता पडून राहते. त्यामुळे मालकाला मजुराची भाकरी सुधारणे परवडत नाही. मनुष्याची स्थिती किती क्षुल्लक गोष्टींवर अवलंबून असते, असा उद्गार त्याने तेथेच नोंदविला आहे. दगड, द्राक्ष, बाजार आणि भाकरी ही साखळी त्याने काही ओळींत जोडली, आणि तीही राज्यक्रांतीच्या केवळ दोन वर्षे आधी. त्याच रांगेतील व्हूजोचा मळा तेव्हा सितोच्या मठाचा होता. १७९१ मध्ये तो लिलावात निघाला.

भाषेच्या विद्यार्थ्यास या टिपणांत आणखी एक गंमत आढळेल. जेफर्सन नावे पुष्कळदा कानांनी लिहितो. बोर्दोजवळील ‘इकेम’ हे नाव त्याच्या लेखणीतून ‘दिकेम’ असे उतरते. फ्रेंचमधील संबंधदर्शक ‘द’ नावाला चिकटला. मद्याच्या परिभाषेतील ‘क्रू’ हा शब्द ‘वाढणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. बर्गंडीत ‘क्लिमा’ म्हणजे हवामान नव्हे. तो जमिनीचा सीमाबद्ध, स्वतंत्र नाव असलेला तुकडा, आपल्याकडे गावोगावी शेतांना नावे असतात तसा. अशा १,२४७ तुकड्यांना युनेस्कोने २०१५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

बोर्दोचा मुक्काम जेमतेम चारपाच दिवसांचा होता. मार्गो, लातूर, ओब्रियों व लाफीत ही चार नावे जेफर्सनने पहिल्या प्रतीत घातली, आणि १८५५ च्या प्रसिद्ध वर्गवारीत तीच चार पहिल्या वर्गात आली. यावरून त्याला द्रष्टा ठरविण्याची प्रथा आहे. ती आम्हांस मान्य नाही. दलालांच्या व्यवहारात हा भावक्रम आधीच रूढ होता. जेफर्सनने तो विचारून नीट लिहून घेतला. नोंदणाऱ्याचे श्रेय तेवढे त्याला द्यावे.

पुढल्या वर्षी, जून १७८८ मध्ये, दोन तरुण देशबांधवांसाठी त्याने युरोपप्रवासाच्या सूचना लिहिल्या. शहरात पोचताच नकाशा विकत घ्यावा, उंच मनोऱ्यावर चढून सारे शहर एकदा नजरेखाली घालावे आणि खाणावळवाल्यांवरून वा गाडीवानांवरून राष्ट्राची पारख करू नये, असा उपदेश त्यात आहे. ‘राजकारण’ या सदराखाली तो सांगतो की संधी मिळेल तेव्हा मजुरांच्या घरात, विशेषतः जेवणाच्या वेळी, जावे. ते काय खातात, काय नेसतात, त्यांच्या श्रमाचा अन्याय्य वाटा सरकार वा जमीनदार घेतो काय, हे पाहावे. हे लिहिले जात होते तेव्हा जेफर्सनच्या पॅरिसमधील घरी जेम्स हेमिंग्ज स्वयंपाक करीत होता. फ्रेंच पाककला शिकविण्यासाठी १७८४ मध्ये व्हर्जिनियाहून आणलेला हा मनुष्य जेफर्सनचा गुलाम होता. त्याला मुक्तता मिळाली ती १७९६ मध्ये.