आधी मुक्काम, मग अंतर: सह्याद्रीतल्या पायी यात्रांच्या अभ्यासाची प्रस्तावना

पायी यात्रा आखायला बसलं की पहिला प्रश्न हमखास येतो: रोज किती किलोमीटर चालायचं? महाड-पोलादपूरच्या डोंगरात हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न रात्री पाठ कुठे टेकायची हा. पोलादपूरहून क्षेत्र महाबळेश्वर गाडीरस्त्याने चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे, पण तेवढ्यात हजार मीटरहून जास्त चढायचं असतं. देशावरच्या सपाट वाटेचा हिशेब इथे लावला, तर दिंडीतली म्हातारी माणसं दुसऱ्याच दिवशी बसतात.

जगातल्या जुन्या यात्रांच्या नोंदीही हेच सांगतात. इ. स. 990 च्या सुमारास कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक रोमहून आल्प्स ओलांडून परतला. त्या प्रवासाचा जो कागद टिकला, त्यात वाटेचं वर्णन नाही. ऐंशीच्या आसपास मुक्कामांची नावं तेवढी एकापाठोपाठ आहेत. त्याच वाटेवरच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, सुमारे 2,470 मीटर उंचीवर, अकराव्या शतकापासून धर्मशाळा चालू आहे. आपल्या पालख्यांचं वेळापत्रक तरी काय असतं? विसावा कुठे, दुपारचं जेवण कुठे, मुक्काम कुठे.

या विषयाकडे नव्याने येणाऱ्या वाचकाने तीन लेखकांपासून सुरुवात करावी. इरावती कर्वे पालखीबरोबर चालल्या आणि एकत्र चालणारी माणसं जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात, हे त्यांनी न लपवता लिहिलं. दि. बा. मोकाशींच्या ‘पालखी’त वाटेवरचा माणूस भेटतो. दामोदर धर्मानंद कोसंबींनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’मध्ये (1962) यात्रांच्या वाटांचा संबंध शेतीपूर्व काळातल्या, ऋतूंप्रमाणे फिरणाऱ्या माणसांच्या वाटांशी जोडला. मात्र पालखीवरचं बहुतेक लेखन देशावरच्या वाटेचं आहे. कोकणातून घाट चढून जाणारी दिंडी त्यात क्वचितच भेटते आणि नव्या अभ्यासकाला सर्वांत जास्त वाव तिथेच आहे.

कोकणातल्या वारकऱ्याचं पंचांग भातावर चालतं. आषाढात लावणी असते, कार्तिकात कापणी-झोडणी. म्हणून पंढरपूरच्या माघी यात्रेला कोकणातल्या दिंड्या मोठ्या संख्येने जातात. माघात भात घरात आलेलं असतं, झऱ्यांना अजून पाणी असतं, चढावर ऊन सोसतं. चैत्री पौर्णिमेला, शिवाजी महाराजांच्या पुण्यतिथीला, पाचाडवरून रायगड चढणाऱ्यांचा हिशेब वेगळा. तेव्हा पाणी पाठीवरच न्यावं लागतं. पावसाळ्यात घाटवाटेने यात्रा काढूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं. वरंध आणि आंबेनळी हे दोन्ही घाट पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद होतात.

उदाहरण म्हणून सावित्रीच्या काठाने उगमाकडे जाणारी वाट घ्या: महाड, पोलादपूर, किनेश्वर, पार घाट चढून पार, तिथून क्षेत्र महाबळेश्वरचं पंचगंगा मंदिर. एकोणिसाव्या शतकात आंबेनळीचा गाडीरस्ता झाला आणि पार घाटाची वर्दळ सरली. वाट पायी माणसांपुरती उरली. पारला रामवरदायिनीचं देऊळ आहे, जवळ कोयनेचं पाणी आहे. 1659 मध्ये अफझलखानाची छावणी याच गावाजवळ पडली होती. हजारो माणसं आणि जनावरं जिथे उतरू शकली, तिथे शंभर माणसांच्या दिंडीची सोय होईल, हा तर्क नियोजनाला पुरेसा आहे. इतिहासातल्या छावण्या, बाजार आणि नाके यांच्या जागा नकाशावर मांडल्या, तर मुक्कामांची अर्धी यादी तयार होते.

अडचण जेवणाची येते. देशावर स्वयंपाकाचा ट्रक दिंडीच्या पुढे जातो. पार घाटात ट्रक येत नाही. तो आंबेनळीने वळसा घालून वर जातो. म्हणजे दुपारची शिदोरी प्रत्येकाच्या पडशीत हवी: नाचणीची भाकरी, सुकी चटणी, कांदा. वीणा आणि पखवाज चढावर कोण घेणार, कुठे बदली देणार, हेही आदल्या रात्रीच ठरलेलं बरं. कड्याखाली विसावा घेताना आधी वर बघावं. कातळाला आग्या मोहोळं असतील, तर उदबत्ती लावू नये, चूल तर नाहीच. धुराने माश्या उठल्या की अरुंद वाटेवर पळायला जागा नसते. भात निघालेल्या शेतात वाल पेरलेला असतो, तेव्हा दिंडीने बांधावरूनच चालावं.

पाण्याच्या नोंदीत आणखी एक रकाना हवा. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे सत्याग्रही महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. आजही त्या दिवशी लाखो लोक महाडला येतात. पाणवठा आहे एवढं लिहून या भागात अभ्यास पुरा होत नाही. तिथे कोण पाणी भरत होतं, कोणाला मनाई होती, आज कोण भरतं, हे गावातल्या थोरांना आणि हंडे वाहणाऱ्या बायकांना विचारून लिहून घ्यावं. पुढच्या पानांतले मुक्कामांचे तक्ते म्हणूनच मुद्दाम रुंद आखले आहेत आणि डावीकडचा पहिला रकाना पाण्याचा आहे. माघात चालणाऱ्याने तो भरून आणावा. चैत्रात त्याच जागी पुन्हा जाऊन, झरा आटला असेल तर तारीख लिहावी.