अमेरिकेतल्या कॉलेजांना ‘कट-ऑफ’ नसतो, मग बारावीच्या मुलांचा अर्ज भक्कम कसा होतो?

बारावीनंतर इंजिनीअरिंगला जायचं तर सीईटीचे पर्सेंटाइल लागतात, आयआयटीला जेईईची रँक. गेल्या वर्षीची कॅप राउंडची यादी काढली की कुठलं कॉलेज मिळेल याचा साधारण अंदाज येतो. अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करायचं ठरलं की हे गणित कोलमडतं. तिथल्या नामांकित कॉलेजांत कट-ऑफची यादी लागत नाही. प्रवेश विभागातली माणसं एकेक अर्ज वाचतात आणि विद्यार्थ्याला त्याच्या शाळेच्या, घरच्या परिस्थितीत ठेवून बघतात. २०२४ मध्ये हार्वर्डकडे सुमारे ५४ हजार अर्ज आले, प्रवेश मिळाला दोन हजारांहून कमी जणांना. म्हणून ‘किती मार्क लागतील?’ यापेक्षा ‘अर्ज कुठे कच्चा पडतो?’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

अर्जात नेमकं काय जातं?

एक हजाराहून जास्त कॉलेजं ‘कॉमन अ‍ॅप’ या एकाच ऑनलाइन फॉर्मवर अर्ज घेतात. दरवर्षी १ ऑगस्टला नवा फॉर्म खुला होतो. त्यात जास्तीत जास्त ६५० शब्दांचा एक निबंध, १० उपक्रम आणि ५ बक्षिसं किंवा सन्मान भरता येतात. शाळेकडून गुणपत्रिका, शिक्षकांची शिफारसपत्रं आणि काउन्सेलरचा अहवाल जातो. शिवाय बरीच कॉलेजं स्वतःचे वेगळे छोटे निबंध मागतात.

एसएटी परीक्षेबाबत प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा आहे. कोविडकाळात बहुतेकांनी ती ऐच्छिक केली होती. एमआयटीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ, ब्राउन आणि हार्वर्डने २०२४ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली. कॅलिफोर्नियाची ‘यूसी’ विद्यापीठं मात्र एसएटीचे मार्क प्रवेशासाठी बघतच नाहीत आणि त्यांचा फॉर्मही वेगळा आहे. त्यामुळे ज्या कॉलेजला अर्ज करायचा, त्याच्या वेबसाइटवरचा त्या वर्षीचा नियम वाचायलाच हवा.

बारावीपेक्षा अकरावी का महत्त्वाची?

नेहमीच्या फेरीची मुदत बहुतेक नामांकित कॉलेजांत जानेवारीच्या सुरुवातीला संपते आणि मार्चअखेरपर्यंत निकाल कळतो. महाराष्ट्र बोर्डाचा बारावीचा निकाल त्यानंतर येतो. म्हणजे निर्णय होताना कॉलेजसमोर नववी, दहावी, अकरावीचे मार्क आणि बारावीचे अपेक्षित मार्क एवढंच असतं. दहावी झाली म्हणून अकरावी आरामात घालवली, तर ते वर्ष अर्जात उठून दिसतं. आणि प्रवेश मिळाला म्हणून बारावी सोडूनही चालत नाही. अंतिम निकाल पाठवावा लागतो, मार्क फारच घसरले तर दिलेला प्रवेश मागे घेतला जाऊ शकतो.

ज्युनिअर कॉलेजच्या मुलांची वेगळी अडचण

अमेरिकेत नववी ते बारावी सहसा एकाच हायस्कूलमध्ये होते. आपल्याकडे बहुतेकांची दहावीपर्यंत शाळा असते आणि अकरावी-बारावीला ज्युनिअर कॉलेज. त्यामुळे कागदपत्रं दोन ठिकाणांहून गोळा करावी लागतात. त्यातच क्लासच्या वेळापत्रकामुळे अनेक मुलं कॉलेजात जातच नाहीत. मग जे शिक्षक चेहऱ्यानेही ओळखत नाहीत, ते शिफारसपत्रात ‘विद्यार्थी हुशार आणि मेहनती आहे’ यापलीकडे काय लिहिणार?

यावर उपाय अकरावीतच करावा लागतो. किमान दोन विषयांच्या तासांना नियमित बसणं, प्रश्न विचारणं, प्रॅक्टिकल आणि प्रोजेक्टमध्ये दिसणं. शिक्षकांना शिफारसपत्राची विनंती शेवटच्या आठवड्यात न करता दोन-तीन महिने आधी करावी. कॉलेजात काउन्सेलर नसेल तर प्राचार्य किंवा उपप्राचार्य तो अहवाल भरू शकतात. सोबत ‘स्कूल प्रोफाइल’ जोडता येतं. आपल्या बोर्डात मार्क कसे दिले जातात, वर्गात किती मुलं आहेत, हे त्यातून परदेशी वाचकाला कळतं.

उपक्रम: सर्टिफिकेटांची फाइल नको

प्रत्येक उपक्रमाची माहिती लिहायला १५० कॅरेक्टरच मिळतात, म्हणजे जेमतेम दोन ओळी. तिथे एक दिवसाच्या दहा शिबिरांपेक्षा तीन वर्षं टिकवलेलं एक काम जास्त बोलतं. हे काम महागडंच असलं पाहिजे असंही नाही. घरची जबाबदारी आणि नोकरी यांचे पर्याय कॉमन अ‍ॅपच्या उपक्रमांच्या यादीतच आहेत. संध्याकाळी वडिलांचं दुकान सांभाळणं, शेतीचा हिशोब ठेवणं, धाकट्या भावंडांचा अभ्यास घेणं हे लपवण्याचं नाही, लिहिण्याचं आहे.

निबंधाचंही तसंच. त्यात मुलाचा स्वतःचा आवाज हवा. एआयकडून लिहून घेतलेला मजकूर स्वतःचा म्हणून देणं कॉमन अ‍ॅपच्या नियमांनुसार फसवणूक ठरते.

पैशांचा प्रश्न: इथेच यादी ठरते

नामांकित खासगी कॉलेजांत शिक्षण, राहणं आणि जेवण धरून वर्षाचा खर्च ८५ हजार डॉलरच्या वर जातो, म्हणजे ७० लाख रुपयांच्या वर. अमेरिकन सरकारची आर्थिक मदत परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. मिळाली तर ती कॉलेजकडूनच.

इथे ‘नीड-ब्लाइंड’ आणि ‘नीड-अवेअर’ हा फरक कळीचा ठरतो. नीड-ब्लाइंड कॉलेज प्रवेश ठरवताना मदत मागितली आहे का, हे बघत नाही. परदेशी विद्यार्थ्यांसाठीही हे धोरण असलेली कॉलेजं मोजकीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन आणि ब्राउन ही त्यातली काही. बाकी बहुतेक ठिकाणी मदतीची मागणी निर्णयावर परिणाम करू शकते. म्हणून मदत मागूच नये, असा सल्ला काही जण देतात. तो महागात पडू शकतो, कारण पहिल्या वर्षी अर्ज केला नाही तर अनेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याला पुढे मदत देत नाहीत. शिवाय व्हिसाच्या प्रक्रियेत पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावीच लागते.

‘अर्ली डिसिजन’चा अर्ज साधारण १ नोव्हेंबरपर्यंत करता येतो, पण एकाच कॉलेजला, आणि प्रवेश मिळाला तर तो स्वीकारण्याचं बंधन असतं. घरचं बजेट ठरल्याशिवाय हा पर्याय निवडू नये.

सुरुवात कुठून?

अमेरिकन सरकारच्या ‘एज्युकेशन-यूएसए’ केंद्रांतून कॉलेजांची आणि अर्जाची प्राथमिक माहिती मोफत मिळते. मुंबईत हे काम ‘यूएसआयईएफ’ ही संस्था बघते. एजंटला लाखो रुपये देण्याआधी तिथे चौकशी करता येते. पण त्याही आधी घरात बसून एक आकडा ठरवायला हवा: वर्षाला किती खर्च झेपेल? तो आकडा अकरावीतच माहीत असेल तर कॉलेजांची यादी खरी बनते, आणि मार्चमध्ये प्रवेश मिळूनही पैशांअभावी तो सोडण्याची वेळ येण्याची शक्यता कमी होते.