दरवाजा, दिंडी आणि अडसर

किल्ल्यांविषयी आपल्याकडे जे लेखन झाले आहे, त्यात तटाची लांबी, बुरुजांची संख्या आणि टाक्यांतील पाणी यांची मोजदाद पुष्कळ आढळते. दरवाजाचा उल्लेख मात्र बहुधा एका ओळीत आटोपलेला असतो. वास्तविक किल्ल्याच्या बांधणीत सर्वांत अवघड भाग कोणता असेल तर तो दरवाजाच होय. तटाला काम एकच, अडविण्याचे. दरवाजाला परस्परविरुद्ध अशी दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. शत्रूला त्याने अडवावयाचे, आणि धन्याला, धान्याच्या गोणीला, दारूगोळ्याला व गवताच्या भाऱ्याला वाट द्यावयाची. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी पूर्वजांनी काय काय युक्त्या लढविल्या आणि त्या कोठवर पुरल्या, हे पाहावयाचे तर सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या बाहेर जाण्याचे फारसे कारण पडत नाही.

प्रतापगडापासून आरंभ करू. हा गड १६५६ साली मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली उभा राहिला. त्याच्याकडे खालून येणाऱ्या माणसाला बुरूज दिसतात, तट दिसतो, पण दरवाजा दिसत नाही. दोन बुरूज एकमेकांना वळसा घालून उभे असतात, वाट त्यांच्यामधून मुरडते, आणि अगदी जवळ गेल्यावर एकाएकी दरवाजा पुढे येतो. गाईच्या तोंडाशी साम्य कल्पून या बांधणीला गोमुखी म्हणतात. तिचा लाभ उघड आहे. जो दरवाजा दिसत नाही त्यावर तोफ लागू करता येत नाही. आणि वाट अखेरीस काटकोनात वळत असल्यामुळे हत्तीला धावून येऊन धडक देण्याइतकी जागाच उरत नाही. शिवाय वळणावर थबकलेला शत्रू दोन्ही बुरुजांवरील जंग्यांच्या आयता माऱ्यात सापडतो.

ही केवळ एखाद्या गवंड्याची हिकमत नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात दुर्गांचे जे प्रकरण आहे, त्यात दरवाजाचा विचार स्वतंत्रपणे केलेला आहे. खालचा मारा चुकवून, पुढे बुरूज देऊन, येण्याजाण्याची वाट त्या बुरुजांच्या धाकात राहील असा दरवाजा बांधावा, असे तेथे सांगितले आहे. त्याहून मार्मिक सूचना पुढेच आहे. गडाला एकच दरवाजा असणे हे मोठे वैगुण्य. म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या करून ठेवाव्या, नित्याच्या राबत्याला लागतील तेवढ्याच मोकळ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्या. आतल्या माणसांची कोंडी होऊ नये म्हणून वाटा आधीच करून ठेवावयाच्या आणि फितुराची भीती म्हणून त्या बुजवावयाच्या, हा विचार वरवर विसंगत दिसतो. परंतु दरवाजाचे सारे मर्म त्या विसंगतीतच आहे.

आता खुद्द दाराकडे वळू. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याच्या पहिल्या दरवाजावर लोखंडी खिळे मारलेले आहेत. असे खिळे हत्तीच्या गंडस्थळासाठी असत. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर वीतभर लांबीचे खिळे आहेत ते याच हेतूने. सपाटीवरच्या वाड्याला हे संरक्षण आवश्यकच होते. डोंगरी किल्ल्याच्या अरुंद, मुरडत्या वाटेवर मात्र हत्तीच्या धडकेचा प्रसंग क्वचितच येणार; तेथे खिळ्यांचा उपयोग धाक घालण्याकडेच अधिक होत असावा असे मला वाटते. लाकडाच्या जाड फळ्या, त्यांवर लोखंडाच्या पट्ट्या, आणि दाराच्या वरच्या व खालच्या टोकांना निघालेले खुंट दगडात कोरलेल्या खोबणीत फिरणारे, ही रचना बिजागरीपेक्षा पुष्कळ भक्कम. कारण दाराचा भार खिळ्यांवर न पडता सरळ दगडावर पडतो.

पण दाराचा खरा जीव असतो अडसरात. अडसर म्हणजे एक दणकट तुळई. एका बाजूच्या भिंतीत तिच्यासाठी दाराच्या रुंदीइतके खोल भोक ठेवलेले असते; दिवसा ती त्यात सरकवून ठेवावयाची, रात्री ओढून दारामागून आडवी न्यावयाची आणि तिचे टोक समोरच्या भिंतीतील भोकात बसवावयाचे. आता बाहेरून बसणारा प्रत्येक धक्का दारावर न राहता दोन्ही भिंतींवर जातो. दार पडावयाचे तर भिंत पडली पाहिजे. किल्ल्याचे लाकूड कधीच नाहीसे झाले असले तरी पडक्या दरवाजात दोन्ही बाजूंना ही भोके अजून दिसतात. मुले त्यांत हात घालून पाहतात.

दिंडीची युक्ती याहून नाजूक. मोठ्या दाराच्या एका फळीत कापलेले हे लहान दार. अंबारी, पालखी वा तोफ यांच्याकरिता मोठी कवाडे उघडावयाची; एरवी सारा राबता दिंडीतून. तीतून आत शिरणाऱ्याला आधी एक पाय उचलून आत टाकावा लागतो आणि मग मान खाली घालून अंग ओढून घ्यावे लागते. त्या क्षणी तो कितीही शूर असो, त्याची तलवार निरुपयोगी असते आणि मान देवडीवरच्या पहारेकऱ्याच्या समोर असते. एका वेळी एकच माणूस, तोही वाकलेला. यापेक्षा स्वस्त आणि अचूक बंदोबस्त आजवर कोणी शोधून काढला असेल असे वाटत नाही.

इतके सारे करूनही एक प्रश्न शिल्लक राहतोच. अडसर आतून सरकतो, दिंडी आतून उघडते. तेव्हा आतला माणूस कसा आहे? शिवाजी महाराजांनी याचे उत्तर सुतारकामात न शोधता कारभारात शोधले. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी, तेही निरनिराळ्या जातींचे नेमून, किल्ला एकट्याच्या हाती जाणार नाही अशी व्यवस्था केली. ही व्यवस्था म्हणजे दरवाजाचा चौथा अडसर म्हणावयास हरकत नाही. ती ढिली पडल्यावर काय होते, ते साताऱ्याच्या किल्ल्याने आठ-नऊ वर्षांच्या अवधीत तीनदा दाखविले.

पहिला प्रसंग १६९९-१७०० चा. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्यापुढे येऊन बसला. चार महिने झाले तरी दरवाजाच्या वाटेला कोणी जाऊ धजेना. शेवटी मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. १३ एप्रिल १७०० रोजी ते उडविण्यात आले. पहिल्याने आतली माणसे गाडली गेली. त्यांत प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले अशी हकीकत सांगतात. दुसऱ्या सुरुंगाने तट उलटा बाहेर कोसळला आणि हल्ल्यासाठी दबा धरून बसलेले मोगलच शेकड्यांनी चिरडले गेले. एवढ्या संहारानंतरही किल्ला बळाने घेतला गेला नाही. राजाराम महाराज मार्चमध्येच निवर्तले होते, लढणाऱ्यांचे मन खचले होते. २१ एप्रिलच्या सुमारास बोलणी होऊन किल्ला स्वाधीन झाला. तट फुटला, दरवाजा मात्र उघडण्यात आला. बादशहाने किल्ल्याला आपल्या मुलावरून आझमतारा असे नाव दिले.

दुसरा प्रसंग पाच-सहा वर्षांनंतरचा. किल्ला मोगलांकडे असता जिंजीच्या कैदेतून निसटलेले अण्णाजीपंत बैराग्याच्या वेषात येथे आले. गाणी आणि गोष्टी सांगून त्यांनी शिपायांचे मन असे रिझविले की त्यांना गडावरच राहू देण्यात आले. पुढे योग्य वेळ साधून त्यांनी मावळ्यांची टोळी आत घेतली आणि किल्ला पुन्हा मराठ्यांचा झाला. कोणत्याही खिळ्याला आणि कोणत्याही जंगीला दाद न देणारे हे हत्यार होते, ते म्हणजे करमणूक. पहारेकऱ्याला रात्र मोठी वाटते, हे अण्णाजीपंतांनी ओळखले.

तिसरा प्रसंग सर्वांत दारुण. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेले शाहू महाराज १७०७ च्या अखेरीस साताऱ्यापुढे आले, तेव्हा किल्ला ताराबाईंच्या पक्षाकडे असून आत परशुरामपंत प्रतिनिधी होते. पंत किल्ला सोडीनात. किल्लेदार शेख मिरा. त्याचे कुटुंब वाईला. ग्रँट डफने दिलेल्या हकीकतीप्रमाणे शाहूंनी ते कुटुंब धरून आणविले आणि किल्ला न दिल्यास तोफेच्या तोंडी देण्याचा धाक घातला. शेख मिराने पंतांनाच कैद केले आणि दरवाजा उघडला. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंना साताऱ्यास राज्याभिषेक झाला. मराठ्यांची राजधानी म्हणून या शहराचे जे पुढचे वैभव, ते अशा रीतीने एका बापाच्या भीतीमधून आत आले. शेख मिराला फितूर म्हणणे सोपे आहे. पण मुलेबाळे तोफेपुढे उभी असता अडसर धरून राहील असा दरवाजा कोणत्या कारागिराने घडवावा?

पुढे १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रज आले तेव्हा साताऱ्याच्या किल्ल्याने नावापुरताच विरोध केला. तटावरून आत पडणाऱ्या कुलपी गोळ्यांपुढे दरवाजाच्या वळणाला अर्थ उरला नव्हता. गडांवरील दरवाजांचा इतिहास येथे संपतो. पण त्यांची विद्या तोवर गावांत उतरली होती. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. चौकांमागून चौक असलेल्या अशा वाड्यांत किल्ल्याचीच आवृत्ती दिसते: भक्कम दार, त्यात दिंडी, आत शिरताच देवडी. मध्यमवर्गीयाच्या घरातही अडसर असे, उंच उंबरठा असे. तो पावसाचे पाणी आणि सरपटणारे प्राणी बाहेर ठेवी, आणि बुटक्या चौकटीवरची गणेशपट्टी येणाऱ्याला मान वाकवावयास लावी. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अडसर लावावयाचा तर आत कोणीतरी असलेच पाहिजे. एकत्र कुटुंबाचे घर कधी ओस पडत नसे, म्हणून त्याला अडसर पुरे. १८९७ साली आर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, तेव्हा सकाळी घर बंद करून कामावर जाणारे आणि संध्याकाळी परतणारे नवे कुटुंब मुंबईत वाढू लागलेच होते. कुलूप हा मोकळ्या घराचा अडसर होय.

मात्र वाड्याचे दार चोरालाच अडवीत असे असे नाही. पुढचे दार कोणाचे, परसदार कोणाचे, आणि कोणी अंगणाच्या कडेलाच उभे राहावयाचे, याचे नियम कोणत्याही खिळ्यापेक्षा टणक होते. साताऱ्याच्या राजवाड्याची गोष्ट या दृष्टीने पाहावी. छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी १८२४ साली बांधविलेला हा वाडा. राज्य खालसा झाल्यानंतरच्या काळात त्यात सरकारी हायस्कूल भरू लागले. ज्या दारातून मानकऱ्यांनी मुजरे करीत जावयाचे, त्यातून ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर नावाचा मुलगा पहिल्या इंग्रजीच्या वर्गात गेला. शाळेच्या पटावर ते नाव आहे. राजवाड्याचे दार असे उघडले, ही लहान गोष्ट नव्हे. पण बाबासाहेबांनी आपल्या साताऱ्याकडील शाळकरी दिवसांविषयी पुढे जे लिहिले, ते वाचून अभिमान जागच्या जागी थबकतो. वर्गात त्यांनी कोपऱ्यात वेगळे बसावयाचे, बसण्याचे गोणपाट घरून आणून घरी न्यावयाचे, आणि तहान लागली तर नळाची तोटी स्वतः फिरवावयाची नाही. शिपाई असेल तर पाणी, नसेल तर नाही. इमारतीचे दार उघडले होते. आत त्याहून लहान, पितळेचे एक दार बंद होते.

आता कृष्णेच्या काठाने सांगलीकडे येऊ. मिरजेच्या जहागिरीची वाटणी झाल्यावर, १८०१ च्या सुमारास, चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन सांगलीस आले आणि त्यांनी गणेशदुर्ग बांधला. सपाटीवरचा किल्ला, त्याला डोंगराचा आधार नाही म्हणून भोवती खंदक. पुढे याच किल्ल्यात संस्थानचा तुरुंग आला आणि तटाचे तोंड जणू उलटे फिरले. जो खंदक बाहेरच्यांसाठी खणला तो आतल्यांसाठी उपयोगी पडू लागला. परंतु बाहेरच्याला अडविण्यासाठी केलेली रचना आतल्याला अडविण्यास तितकीशी कामाची नसते; तटावर चढावयास पायऱ्या आतूनच असतात. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी यांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून घेतल्या आणि तटावरून पावसाळ्यातल्या खंदकात उड्या टाकल्या. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळ्यांना बळी पडले. वसंतदादा जखमी होऊन पुन्हा पकडले गेले. १९७७ साली ते मुख्यमंत्री झाले. ते दोघे तरुण सांगलीच्या स्मरणात राहिले आहेत.

याच मुलुखात, या घटनेच्या चारच वर्षे आधी, एका लहान संस्थानात तुरुंगाचे दारच काढून टाकण्याचा प्रयोग सुरू झाला होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला स्वराज्य दिले. त्याच सुमारास, पोलंडहून आलेले आणि भारतानंद या नावाने येथे राहिलेले इंजिनियर मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत उभी राहिली. तट नाही, खंदक नाही, कोठडी नाही. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांनी तेथे शेती करावयाची आणि बायकामुलांसह राहावयाचे. साताऱ्याच्या किल्ल्यात शेख मिराने ज्यांना कैद केले ते परशुरामपंत या भवानरावांच्याच घराण्याचे मूळ पुरुष. ग. दि. माडगूळकर याच आटपाडी भागातले. त्यांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली काढलेला ‘दो आंखें बारह हाथ’ हा चित्रपट या वसाहतीवरूनच सुचला, आणि पुढल्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. औंध संस्थान १९४८ साली विलीन झाले. आटपाडी सांगली जिल्ह्यात गेली, औंध साताऱ्यात राहिले. स्वतंत्रपूरची वसाहत महाराष्ट्राच्या कारागृह खात्याकडे आली आणि शिक्षेचे कैदी तेथे आपल्या कुटुंबांसह शेती करीत राहिले.