शिकविणारीचेही शिक्षण

प्रौढ बाईला अक्षरे शिकवायची म्हणजे अंकलिपी आणावी आणि घरातल्या कोणत्याही शिकलेल्या सुनेने पुढे बसावे, एवढेच पुष्कळांना वाटते. आपल्या मंडळाच्या दुपारच्या वर्गासाठी शिक्षिकांचे प्रशिक्षण ठेवावे असे निघाले, तेव्हाही "त्याला खर्च कशाला?" असे ऐकू आले. म्हणून थोडी मागची हकिगत सांगते.

सावित्रीबाई फुले लग्नानंतर लिहावयास शिकल्या. पण तेवढ्यावर त्या शिक्षिका झाल्या नाहीत. त्या वेळच्या अहमदनगरास मिस फॅरार यांच्याकडे व पुण्यास मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कुलात त्यांनी शिकविण्याचे शिक्षण घेतले. मग १८५५ साली फुले पतिपत्नींनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबून आलेल्या माणसाला पाटीपुढे बसविणे सोपे नव्हे.

रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ साली, अकराव्या वर्षी झाले. माधवरावांनी स्वतः त्यांस अक्षरओळख करून दिली. घरातल्या वडील बायकांना ते मुळीच खपले नाही. (सासूसमोर पुस्तक उघडायला लाजणाऱ्या बायका आजही मला ठाऊक आहेत!) पुढे पुण्याच्या फीमेल ट्रेनिंग कॉलेजातील शिक्षिकेकडूनही त्या शिकल्या. १९०९ साली पुण्यास सेवासदन निघाले. रमाबाई अध्यक्ष आणि गोपाळ कृष्ण देवधर चिटणीस. प्रौढ स्त्रियांचे वर्ग तेथे होते आणि पुढे शिक्षिका तयार करणारे ट्रेनिंग कॉलेजही तेथेच झाले. विधवा बायका मुळाक्षरांपासून शिकत आणि त्यांतल्या कित्येक पुढे शिक्षिका होत. मोठ्या वयात पाटी हाती धरण्याचा संकोच काय असतो, हे अशा शिक्षिकेला कोणी सांगावे लागत नसे. मला या साऱ्यात हीच गोष्ट मोठी वाटते.

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व ती पुढे राज्यभर गेली. गावच्या प्राथमिक शिक्षकांनी वर्ग घेतले. चार महिन्यांत लिहिणे-वाचणे शिकवावयाचे आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ. काम मोठे, त्याला नाव ठेवणारी मी कोण? पण समारंभानंतरचा पाठपुरावा तोकडा पडला आणि पुष्कळांची अक्षरे पुन्हा पुसली गेली.

आपल्या वर्गाच्या शिक्षिकांनी महिन्यातून एक दुपार एकत्र बसावे. कोणाच्या हातून पेन्सिल वळत नाही, कोण येईनाशी झाली, जोडाक्षरे कशी सोपी करावी, हे बोलावे. जाणत्या शिक्षिकेला बोलवावे. त्यासाठी येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात खडू-पाट्यांशेजारी या बैठकीचीही रक्कम धरावी, एवढी कार्यकारिणीला विनंती आहे.