रक्ताची परतीची वाट

आई मुंबईहून लंडनला आली की विमानातून उतरताना तिचे पाय हमखास सुजलेले असतात. पस्तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून शिकवले. पोटऱ्यांवर निळ्या, गाठाळलेल्या शिरा. “रक्त खाली उतरतं, वर चढायला कंटाळतं,” असे तिचे निदान. ते ऐकले की मला फॅब्रिशियस आठवतो.

इटलीतल्या पादुआ विद्यापीठात तो शरीररचनाशास्त्र शिकवी. शिरांच्या आतल्या झडपांवर त्याने १६०३ साली सचित्र पुस्तक काढले, पण अर्थ उलटा लावला. त्या काळी गेलनचे मत प्रमाण: रक्त यकृतात तयार होते, शिरांतून अवयवांकडे जाते आणि तिथेच खर्ची पडते. मग झडपा कशाला? सगळे रक्त हातापायांत साचू नये म्हणून! बिचाऱ्याच्या डोळ्यांपुढे होते, पण दिसले नाही.

त्याचा इंग्रज विद्यार्थी विल्यम हार्वे १६०२ मध्ये पदवी घेऊन मायदेशी परतला. झडपांवरूनच आपल्याला कल्पना सुचली, असे त्याने पुढे रॉबर्ट बॉईलला सांगितले. १६२८ च्या पुस्तकात त्याने हिशेब मांडला: ठोक्याला अर्धा औंस रक्त, अर्ध्या तासात हजार ठोके, म्हणजे पाचशे औंस. (दोन्ही आकडे प्रत्यक्षाहून कमीच धरलेले.) एवढे नवे रक्त कोणत्या जेवणातून येणार? तेच फिरून परत येत असले पाहिजे. या पुस्तकानंतर त्याचे रुग्ण घटले, असे ऑब्रीने लिहून ठेवले आहे.

हार्वेचा पुरावा मी आईच्या हातावरच पाहिला. दंडाला रुमाल बांधला, फार घट्ट नाही. कोपराखालच्या शिरा फुगल्या, मधेमधे गाठी दिसू लागल्या. त्याच झडपा. एका बोटाने शीर दाबून धरली, दुसऱ्याने रक्त वरच्या गाठीपलीकडे सारले. मधला भाग रिकामाच राहिला. वरचे रक्त खाली येईना. दाबलेले बोट उचलताच तो खालून भरला. “अगंबाई, खरंच की!” आई म्हणाली.

रोहिण्यांतून शिरांत रक्त कसे जाते, हे मात्र हार्वेला दिसले नव्हते. त्या केशवाहिन्या माल्पिघीने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या.

डोक्याचे आणि हातांचे रक्त ऊर्ध्व महाशिरेतून, पायांचे अधो महाशिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात येते. पायांतून वर ढकलायला चालताना आवळणाऱ्या पोटऱ्या लागतात, आणि मागे फिरू न देणाऱ्या झडपा. आईच्या त्या झडपा आता नीट मिटत नाहीत.

परतीच्या विमानात अधूनमधून उठून चालायचे तिने कबूल केले आहे. शेजारच्या प्रवाशाच्या दंडाला रुमाल बांधू नकोस, एवढे मी बजावले आहे.