बेत कोणाच्या हाती

कापड शिवणे आणि कापड बेतणे या दोन कृती एकाच धंद्यात मोडत असल्या, तरी त्यांची प्रतिष्ठा कधीच समान नव्हती. सुईदोरा महाराष्ट्रात घरोघरी होता. फाटलेल्या धोतराला टाके घालणे, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणे, तान्ह्या मुलासाठी झबले, कुंची, दुपटे सिद्ध करणे, ही कामे स्त्रिया आई-आजीच्या शेजारी बसून सहज उचलीत. परंतु अंगाला नेमका बसणारा अंगरखा, बंडी किंवा चोळी यांसाठी अखंड कापडावर पहिली कातर चालविण्याचा अधिकार शिंप्याचा होता. गावगाड्यातील अलुतेदारांच्या याद्यांत त्याचे नाव आढळते; नामदेवांचा वारसा सांगणाऱ्या या ज्ञातीत धंद्याचे मर्म बापाकडून मुलाकडे जाई, तेही बोलण्यापेक्षा पाहण्यानेच अधिक. शागीर्द मुलगा प्रथम काजे करी, गुंड्या लावी, हेम घाली. कातर हाती येण्यास त्याला वर्षे लागत, आणि ती आली तरी बेताचे गणित कोठे लिहून ठेवलेले नसे. शिवणवर्गांनी जे घडविले त्याचे खरे महत्त्व येथे आहे: टाका त्यांच्या आधीपासूनच सार्वत्रिक होता, बेत मात्र त्यांनी शिंप्याच्या बोटांतून वहीच्या पानावर आणला.

मुलींच्या शाळांत शिवण आले ते प्रथम मिशनऱ्यांच्या हातून. पुढे 1884 मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले आणि तेथील अभ्यासक्रमावरून सुधारक व त्यांचे विरोधक यांच्यात कडाक्याचा वाद माजला, तेव्हा इंग्रजी शिकून मुली घराबाहेर जातील ही धास्ती ज्यांना होती त्यांनाही, आणि न शिकल्यास त्या घरातच कुजतील अशी खंत ज्यांना होती त्यांनाही, शिवण हा विषय सारखाच निर्धोक वाटण्याजोगा होता. अर्थात शाळेतले ते शिवण म्हणजे रुमालाला हेम घालणे, धावदोरा सरळ नेणे, साखळीटाक्याने वेलबुट्टी भरणे, एवढेच. मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींपुढे भरतकामाचा एखादा नमुना ठेवला की त्याचे सार्थक होई. त्याने कोणाच्या चरितार्थाची सोय होणार नव्हती, आणि तशी अपेक्षाही कोणाची नव्हती.

चरितार्थाचा प्रश्न उभा केला तो विधवांनी. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईस शारदा सदन उघडले, पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले आणि कालांतराने केडगावी मुक्ती सदन उभारले. तेथे लिहिण्यावाचण्याबरोबर हातांना उद्योग देण्याची व्यवस्था होती, कारण आश्रयास आलेल्या स्त्रीला नुसते अन्नवस्त्र देऊन तिचे पारतंत्र्य संपत नाही, केवळ धनी बदलतो, हे रमाबाई पुरते जाणून होत्या. रमाबाई रानडे यांनीही मुंबईतील आपल्या स्त्रीमंडळात शिवणाचे वर्ग चालविले होते. 1901 मध्ये पती न्यायमूर्ती रानडे गेल्यावर त्या पुण्यास आल्या, आणि 1909 मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने स्थापिलेल्या पुणे सेवासदनात परिचारिका व शिक्षिका यांच्या शिक्षणाच्या जोडीला त्यांनी उद्योगवर्गही उघडले. केशवपन झालेल्या ब्राह्मण विधवेला रूढीने चोळी वर्ज्य केली होती. जी चोळी तिने अंगात घालावयाची नाही, तिचाच बेत तिच्या हाती देऊन त्याच्या मजुरीवर तिने स्वतःचे पोट भरावे, असा हा व्यवहार होता. ज्यांनी तो मुकाट्याने चालू दिला त्यांच्या हे ध्यानात आले नसेल, की आले असूनही शिवण निरुपद्रवी म्हणून त्यांनी डोळेझाक केली असेल? मला दुसरा पर्याय अधिक संभवनीय वाटतो.

सेवासदनाच्या शाखा पुढे सोलापूर, नागपूर अशा ठिकाणी निघाल्या, आणि हळूहळू वाड्यांच्या माडीवर, चाळींच्या खोल्यांत दुपारचे खाजगी वर्गही भरू लागले. दुपार एवढ्यासाठी, की जेवणाची झाकपाक झाल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ तेवढा गृहिणीच्या मालकीचा असे. शिक्षणाचा क्रम बहुधा ठरलेला होता: आधी मांजरपाटाच्या तुकड्यांवर टाक्यांचे, काजांचे, चुण्यांचे, ठिगळाचे नमुने करून ते वहीत चिकटवायचे, मग झबले, मग परकर, आणि सरतेशेवटी ब्लाउज. पण कोणतेही कापड कापण्यापूर्वी त्याचा आराखडा वहीत चौथ्या हिश्शाच्या प्रमाणात काढावा लागे. छाती 32 इंच असली तर तिचा चौथा भाग 8, त्यात सैलपणाची भर, वर शिवणीसाठी आत ठेवावयाची माया. गळ्याची रुंदी छातीच्या बाराव्या भागाने. मुंढ्याचा बाक पुढे अधिक खोल, मागे कमी. चौथी इयत्ता होऊन शाळा सुटलेल्या कित्येक स्त्रियांना अपूर्णांकांचा असा नित्य उपयोग येथेच प्रथम घडला असेल. वहीतला आराखडा तपासून झाला की तो पूर्ण मापाने वर्तमानपत्रावर उतरवायचा, कागद कापायचा, आणि तो अंगाला लावून पाहिल्यावरच कापडाला हात घालायचा. शिंप्याच्या नजरेत जे अंदाजाने वसत असे, त्याला येथे आकडा मिळाला. आणि आकडा मिळालेली विद्या कोणत्याही ज्ञातीच्या कुंपणात फार काळ राहत नाही.

शिलाईयंत्राचा या कथेत प्रवेश होतो तो काहीसा आडवाटेने. सिंगर कंपनीचा हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन येथील कारभार एन. एम. पटेल या पारशी गृहस्थांनी दीर्घकाळ सांभाळला. पण हिंदुस्थानात यंत्राचे मोठे गिऱ्हाईक ठरला तो घरची गृहिणी नव्हे, तर पेशेवाईक शिंपी. एरव्ही यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी 1924 मध्ये शिलाईयंत्राला मोकळेपणाने अपवाद केले, आणि 1930 नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' काढल्यावर देशी यंत्रही मिळू लागले. घरी यंत्र येणे ही तरीही मोठी गोष्ट होती. ते हप्त्याने घेता येई आणि हप्ता फेडण्याचा भरवसा असे तो शेजारणींच्या कपड्यांवर.

ते कपडे कोठून आले, हा प्रश्न मला यंत्राहून महत्त्वाचा वाटतो. नऊवारी लुगड्याला आत परकर लागत नाही. पाचवारी साडीला त्याच्यावाचून गत्यंतर नाही. विसाव्या शतकात तरुण स्त्रिया जसजशा पाचवारीकडे वळल्या आणि गाठीच्या चोळीची जागा हुकांच्या ब्लाउजने घेतली, तसतशी प्रत्येक नव्या साडीमागे काहीतरी शिवून घेण्याची गरज उत्पन्न झाली. मापासाठी परपुरुषापुढे उभे राहण्यापेक्षा वर्ग पूर्ण केलेल्या शेजारणीकडे जाणे स्त्रियांना अर्थातच रुचले. स्वातंत्र्यानंतर, 1953 मध्ये स्थापन झालेले समाजकल्याण मंडळ, गावोगावची महिला मंडळे आणि पुढे जिल्हा परिषदा यांनी शिवणवर्ग ही स्त्रियांच्या मदतीची सरकारमान्य रीतच करून टाकली. इतकी, की बाईला साह्य करावयाचे म्हणजे शिलाईयंत्र द्यावयाचे, यापलीकडे अनेक अंमलदारांची कल्पनाशक्ती गेली नाही. दहा घरांच्या वस्तीत दहा यंत्रे दिल्यावर शिवून घेणार कोण, हा हिशेब दप्तरी क्वचितच मांडला गेला.

वर्गांची पाठ्यपुस्तकेही निघाली. झारापकरांच्या कटिंग-पद्धतीचे पुस्तक तर मुंबईबाहेरच्या वर्गांतही प्रमाण मानले गेले. या पुस्तकी बेताचे मूळ मात्र पाश्चात्त्य धर्तीच्या अंगलट कपड्यात आहे, आणि त्यामुळे एक गोष्ट वहीत आलीच नाही. गुळेदगुडच्या खणाची जुनी चोळी त्या एकाच तुकड्यात बसवावी लागे: काठ बाहीच्या कडेला यावा, पुढे गाठीपुरती टोके उरावीत, आणि कातरण शक्य तितकी कमी पडावी. वर्गात शिकलेली स्त्री आज खण पुढ्यात आला म्हणजे तो ब्लाउजच्या आराखड्याने कापते, टक्स घालते, हुक लावते, काठ पुरला नाही तर वेगळी पट्टी जोडते. गाठीची चोळी हवी असल्यास एखादा म्हातारा शिंपी शोधावा लागतो, आणि तोही आधी घरातली एखादी जुनी चोळी मापाला मागतो.